पद्माक्कांचा डबा

आमच्या बेळगावात कुणी मराठीत लिहितं असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "सीमाप्रश्नावर काही लिहिलंय का?" आणि दुसरा, "चहा घेणार का?" पद्माक्का दोन्हींना नाही म्हणायच्या. पहिल्या नाहीमुळं त्यांना फारसं कुणी बोलवत नसे, आणि जे बोलवत त्यांना दुसऱ्या नाहीचा राग यायचा.

शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. वडिलांचे दोन माग होते. ते गेल्यावर माग विकले आणि त्याच खोलीत मी कॉम्प्युटर मांडले. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, एवढीच आमची साहित्यसेवा. एका दुपारी पद्माक्का हातानं लिहिलेले कागद घेऊन आल्या आणि स्टूल ओढून बसत म्हणाल्या, "हे हाय तसं उतरवायचं. सुधारायचं न्हाय. तुला काय वाटलं तर मनात ठेवायचं."

"आक्का, टाइप करणाऱ्याला कधी काही वाटत नसतं," मी म्हणालो.

"मग बेस हाय," त्या म्हणाल्या. तिसऱ्या पानापासून मला काय काय वाटायला लागलं, आणि पुढं त्यांचं जे जे टाइप केलं त्यात वाटतच राहिलं. पण बोलायची सोय नव्हती.

बाई निपाणीकडच्या, जैन घरातल्या. भाऊ तंबाखूच्या व्यापारात. आईशी कानडीत भांडायचं आणि वडिलांशी मराठीत, असं त्यांचं बालपण गेलं होतं. बेळगावात मराठी शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्यावर पिरनवाडीत लहानसं घर बांधून एकट्या राहत; मुलगा हैदराबादला नोकरीला. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सुती पातळ, कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत बाराही महिने एक दोन पुडांचा स्टीलचा डबा. कांदा-लसूण वर्ज्य, दिवस मावळल्यावर अन्न वर्ज्य. त्यामुळं सोवळ्याच्या बाई म्हणून डबा घेऊन फिरतात असं मी बरेच दिवस समजत होतो. ते अर्धंच खरं होतं.

खरं कारण मला वडगावच्या एका टेलरमुळं कळलं. त्या टेलरवर त्यांनी एक कथा लिहिली होती. त्याच्या दुकानात त्या आठवडेच्या आठवडे जाऊन बसत, त्याची बायको चहा-पोहे आणून ठेवी, आणि आक्का शांतपणे स्वतःचा डबा उघडत. शेवटी बायको रागावली. "आमच्या घरचं चालत न्हाय व्हय तुमास्नी?" म्हणाली. त्यावर आक्कांनी तिला जे सांगितलं ते मी पुढं त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. "ज्याच्यावर लिवायचं त्याच्या घरचं लिवून होईस्तवर खायाचं न्हाय. खाल्ल्या मिठाला जागाय लागतंय. मी जर तुमच्या मिठाला जागले, तर गोष्टीला कोण जागणार?"

लिहून झालं की दुसरा सोहळा. ती गोष्ट छापायच्या आधी त्या माणसासमोर बसून त्याला वाचून दाखवायची. त्यानं हो म्हटलं तरच छापायची, नाहीतर पेटीत. तो जे सांगेल ते बदलायची त्यांची तयारी असे, पण एका रेघेपर्यंत. "नाव बदलीन, गाव बदलीन, रूप बदलीन. केलेलं बदलणार न्हाय," असं त्या वाचायच्या आधीच सांगत. टेलरनं सगळी कथा ऐकली. त्यानं दारू पिऊन गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट बिघडवला होता, तेही ऐकलं, आणि खूप विचार करून म्हणाला, "आक्का, तेवडी मिशी द्या की मला." आक्कांनी त्याला झुपकेदार मिशी दिली. तो अजून ती कथा गिऱ्हाइकांना वाचायला देतो, आणि कोट बिघडवल्याचं पान आलं की स्वतःच हसतो.

शहापुरातल्या एका विणकर बाईनं उलटं केलं. नाव बदला, घर बदला, साडीचा रंगसुद्धा बदला म्हणाली. आक्कांनी सगळं बदललं. पुस्तक आलं आणि थोड्याच दिवसांत ती बाई माझ्या दुकानात तक्रार घेऊन हजर. "कोण वळकतच न्हाय की ओ मला!"

लिहिणाऱ्या लोकांचा मला एरवी कंटाळा आहे. पत्रिकेत चार ओळींची कविता घालतात आणि चौदा वेळा प्रूफ बघतात. पण या बाईंचा हट्ट वेगळा होता. त्या स्वतःला कुठंच पुढं करत नसत, फक्त गोष्टीला मागं हटू देत नसत. मला त्याची गंमत वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा धाकही वाटे.

सीमेचं म्हणाल तर त्यांचं म्हणणं साधं होतं. "सीमा माझ्या दारात हाय रं. दूध आणाय जाताना रोज दोन भाषा बोलून येते. गोष्टीत ती तशीच यील, दूध आणाय जाता जाता. तिला पाट-रांगोळी कशाला?" हे लोकांना पटत नसे. एकदा एका गावच्या साहित्य मेळाव्यात त्यांच्या कादंबरीचा सत्कार ठरला. कादंबरी होती तीन बहिणींत वाटणी झालेल्या एका म्हशीवर. मोठे पाहुणे बाहेरून आलेले. त्यांनी मुखपृष्ठावर 'बेळगाव' एवढं वाचलं असावं, कारण ते पाऊण तास या कादंबरीतल्या धगधगत्या सीमालढ्यावर बोलले. त्यांचा आवाज भरून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मंडपात कुणीतरी घोषणाही दिली. मी मागं बसून म्हशीचा विचार करत होतो.

आक्का उठल्या. "पाहुण्यांनी जी कादंबरी वाचली ती कुणीतरी लिवाय पायजे," त्या म्हणाल्या. "लई चांगली हाय. माझी दुसरी हाय. माझ्यात म्हैस हाय." एवढं बोलून त्या खाली बसल्या. येताना बसमध्ये मी हसत होतो, पण त्या हसल्या नाहीत. "सुभाष, माणसाला खोटी शाल लई जड लागती रं," म्हणाल्या. मला ते तेव्हा नुसतं वाक्य वाटलं.

त्यानंतर त्यांनी नीलव्वाला धरलं.

उद्यमबागेत फौंड्रीच्या रांगेमागं नीलव्वाची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, लांब बाकडी, आणि सकाळपासून भाकरी थापण्याचा आवाज. मोल्डिंगवर काम करणारी पोरं काळ्या हातांनी येतात, साबण घासतात आणि जेवायला बसतात. नीलव्वाचं घरचं बोलणं कानडी, पण गिऱ्हाइकाशी ती मराठी बोलते, आणि दोन्हींत सारख्याच शिव्या देते. पद्माक्का पिरनवाडीहून चालत तिथं येत, कोपऱ्यातल्या बाकावर बसत आणि दुपारी स्वतःचा डबा उघडत. खानावळीत बसून घरचा डबा खाणारं हे एकच गिऱ्हाईक! नीलव्वा पहिल्यांदा चिडली, मग तिला कारण कळलं, मग ती रोज चेष्टा करायला लागली. "आक्का, आज तरी? वांगं लई झ्याक झालंय." आक्का मान हलवत आणि आपली सुकी चपाती मोडत.

नीलव्वाबद्दल उद्यमबागेत सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती कुणी बोलत नसे. पूर्वी एका कारखान्यात मोठा संप झाला. संपकऱ्यांना नीलव्वानं उधार-नगद न बघता जेवू घातलं. फाटकासमोरच्या मांडवात ती स्वतः भाकऱ्यांची टोपली, आमच्याकडं बुट्टी म्हणतात ती, घेऊन जायची. पुढं संप लांबला. मालकानं बाहेरची माणसं आणून आतच ठेवली, आणि त्यांच्या जेवणाचं काम नीलव्वाला सांगितलं. तिच्या घरात पीठ संपलं होतं, दोन पोरी होत्या. तिनं काम घेतलं. मागच्या फाटकानं आत डबे जायला लागले, आतलं काम सुरू राहिलं आणि संप मोडला. काही जणांना परत घेतलं नाही. त्यातला मारुती खानावळीच्या समोर, रस्त्यापलीकडं चहाची टपरी टाकून बसला. त्यानं पुन्हा कधी खानावळीचा उंबरा ओलांडला नाही. दोघं रोज एकमेकांना बघत आणि बघितलं नाही असं करत.

आक्कांनी कादंबरी लिहिली ती नीलव्वाची, संपाची, आणि त्या डब्यांची. मी ती टाइप केली. तोवर मला वाटलेलं मनात ठेवायची सवय झाली होती, पण त्या डब्यांच्या प्रकरणाशी आलो आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. इतकं चांगलं मी कधी टाइप केलं नव्हतं.

वाचून दाखवायच्या दिवशी प्रिंट घेऊन मीही गेलो. नीलव्वा संध्याकाळच्या भाकऱ्या थापत होती आणि आक्का वाचत होत्या. वाचता वाचता जिथं दुखणारं काही येई तिथं त्या आपोआप कानडीत शिरत आणि ते सरलं की मराठीत परत येत. बुट्टी घेऊन मांडवात जायचं वर्णन आलं तेव्हा नीलव्वानं डोळे पुसले. मग डबे आले. तिचा हात परातीवरच थांबला.

"आक्का, तेवडं काढा," ती म्हणाली. "बाकी समदं ऱ्हाऊ द्या. पायजे तर मला म्हातारी करा, काळी करा."

"ते काढत न्हाय गं."

"मग का केलं ते तरी लिवा. पीठ न्हवतं म्हणून लिवा."

"तुझ्या घरात पीठ न्हाय ते चार पानं आधी दिसलंय. वाचणाऱ्याला डोळं हायत. तू तोंडानं सांगाय लागलीस की तेच खोटं वाटाय लागतंय."

नीलव्वानं परात बाजूला सारली. "मग छापू नका."

"बरं. छापत न्हाय," पद्माक्का म्हणाल्या. कागद सारखे केले, पिशवीत घातले आणि उठल्या. घरी जाऊन त्यांनी कादंबरी लोखंडी पेटीत ठेवली आणि वर गोधडी घातली.

मी भांडलो. नियम त्यांचेच, दोन्ही. एका नियमानं केलेलं बदलायचं नाही, दुसऱ्या नियमानं हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही. दोन भिंतींमध्ये बाईंनी स्वतःचंच सगळ्यात चांगलं पुस्तक चिणून टाकलं होतं. "आक्का, ते डबे दुसऱ्या कुठल्या बाईनं नेले असं करा. नीलव्वा खूश, पुस्तक बाहेर," मी म्हणालो.

"मग ह्या नीलव्वाला मांडवात भाकऱ्या तरी कशाला न्यायला लावू? ज्या हातानं बुट्टी नेली त्याच हातानं डबं नेलं, म्हणून तर ती बाई हाय. न्हायतर कॅलेंडरवरचं चित्र हाय."

"तुमचं वय बघा की जरा."

"माझं वय बघून नीलव्वानं हो म्हणायचं व्हय रं?"

पुण्याच्या एका प्रकाशकाला कुठून तरी कादंबरीचा वास लागला होता. त्यांचा फोन माझ्या दुकानातच आला. आक्कांना कानाला मोबाइल लावायला आवडत नसे म्हणून मी स्पीकर लावला. गृहस्थ गोड बोलत होते. नायिका मराठी करा, मालक कानडी करा, डबे वगैरे गाळून तिला अन्नपूर्णा करा. मग ही सीमाभागाची कादंबरी म्हणून सहज उचलली जाईल. आक्का म्हणाल्या, "उचलाय ते काय तंबाखूचं पोतं हाय? मालक मराठी हुता. मी काय करू?" इकडं कानडीतले एक प्राध्यापक अनुवादाला तयार होते. त्यांना नीलव्वा कानडीच हवी होती, पण डबे त्यांनाही नको होते. आक्कांनी त्यांना शुद्ध कानडीत नकार दिला. भावाचा निरोप आला की असल्या भानगडींपेक्षा आपल्या घराण्यावर लिही. "घरावर लिवते, पर आधी तुला वाचून दाखवीन," असं त्यांनी कळवल्यावर भाऊ पुन्हा बोलला नाही.

आणि एवढं होऊन बाई खानावळीत जायच्या थांबल्या नाहीत. तोच कोपरा, तोच डबा. विषय काढायचा नाही, रुसायचं नाही. नीलव्वालाच अवघड व्हायचं. एकदा माझ्यासमोर ती म्हणाली, "आता पुस्तक न्हायच म्हटल्यावर जेवा की हितं."

"पुस्तक हाय की. पेटीत हाय," आक्का चपाती मोडत म्हणाल्या. "मेलं न्हाय ते."

अशी काही वर्षं गेली. मग एका महिला दिनाला कुठल्याशा मंडळानं नीलव्वाचा सत्कार केला. त्या दिवशी मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का माझ्या दुकानात एका नव्या कथेचं प्रूफ बघत होत्या आणि दारात रिक्षा थांबली. नीलव्वा उतरली. आधी पिरनवाडीला जाऊन शेजाऱ्यांना विचारून आली होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेली शाल. खानावळ सोडून आलेली नीलव्वा मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती बसली नाही. "आक्का, काल सत्काराला भाषान केलं त्यांनी," ती म्हणाली. "या माउलीनं संपात शेवटच्या दिवसापातूर कामगारास्नी जेवू घातलं म्हणालं. समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. मी शाल घेतली. काय बोलणार? सकाळी खानावळ उघडली तर मारुती टपरीवरनं बगत हुता. इतक्या वर्सांत पयल्यांदा बोलला माझ्यासंगं. काय म्हणाला, ठाव हाय? 'शाल शोभती गं तुला' म्हणाला."

तिनं ती पिशवी माझ्या टेबलावर टाकली. "त्यांनी सांगितली ती बाई मी न्हवं. तुमच्या पेटीत हाय ती मी. छापा."

पद्माक्कांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच. "नीट इचार कर. मी एक शब्द काढणार न्हाय."

"नका काढू. पर एक हाय. छापायच्या आधी खानावळीत वाचा. मारुतीच्या म्होरं वाचा."

पुढचं आधीच सांगून टाकतो. कादंबरी इथल्याच एका लहान छापखान्यात छापली. ती बांधून येईपर्यंत मुलानं आक्कांना तब्येतीसाठी हैदराबादला नेलं होतं. पहिली प्रत त्यांच्या हातात पोचली, त्यांनी उशाशी ठेवून घेतली, एवढं मला फोनवर कळलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. माझ्या दुकानातलं ते स्टूल मी कुणाला देत नाही, यापलीकडं मला त्यांच्यासाठी काही करता आलेलं नाही. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खानावळीत, त्या वाचनाच्या दिवशी.

सुट्टीचा दिवस होता. कारखाने बंद, बाकड्यांवर संपातली जुनी चार-पाच माणसं. मारुती बोलावल्यावर आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, खांद्यावर टपरीचं फडकं. नीलव्वा चुलीपाशी. आक्कांनी संपाची प्रकरणं वाचली. डबे आले. या वेळी त्या कानडीत शिरल्या नाहीत. सगळं सगळ्यांना कळेल अशा मराठीत, सावकाश वाचलं आणि कागद खाली ठेवले. बाहेर पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"बाई, एक चुकलंय," मारुती म्हणाला.

"सांगा."

"मागच्या फाटकानं न्हवं. म्होरच्या फाटकानं गेलतं डबं. दिवसाढवळ्या. आमी मांडवात बसलोतो, आमच्या म्होरनं गेलतं."

इतकी वर्षं सगळेच मागचं फाटक म्हणत आले होते. तेवढं सगळ्यांना सोसत होतं, जेवणाऱ्यांनाही आणि वाढणारीलाही. मला वाटलं, आता संपलं, पुस्तक परत पेटीत जाणार. आक्कांनी नीलव्वाकडं पाहिलं.

नीलव्वानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "व्हय," ती म्हणाली. "म्होरनंच. मान खाली घालून गेलते. ह्या समद्यांची पायताणं तेवडी दिसली."

"समद्यांनी मागचं सांगितलं आणि मी बी तेच लिवलं," पद्माक्का म्हणाल्या. "मला बी तेच बरं वाटलं असंल." त्यांनी पिशवीतून पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि शेजारी नवीन लिहिलं. पायताणं लिहिली. मग सगळ्यांना ते पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. "आता?"

मारुतीनं चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत आला आणि दाराजवळच्या बाकावर बसला. नीलव्वाकडं त्यानं पाहिलं नाही. तिनंही त्याच्याकडं न बघता त्याच्यापुढं ताट ठेवलं.

ऊन पत्र्याखालून सरकत भिंतीवर गेलं होतं. आक्कांनी पेन बंद केलं. "नीलव्वा, दिवस मावळाय आलाय," त्या म्हणाल्या. "माझं लिवून झालं. वाढ."

नीलव्वानं फळीवरचं एक झाकलेलं पातेलं खाली घेतलं. "तुमचं येगळं ठेवलंय. कांदा न्हाय, लसूण न्हाय." ताटात गरम भाकरी आली, वाटीत डाळ आली. पद्माक्कांचा स्टीलचा डबा पिशवीत तसाच राहिला. त्यांनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली आणि घास घेतला. नीलव्वा पळी हातात धरून समोर उभी.

"कसं झालंय, आक्का?"

"मीठ जरा कमी हाय," पद्माक्का म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा पुढं केली.